लेकीला डॉक्टर व्हायचंय. तिच्यासोबत लातूरला रूम करून राहावं का?

जिंतूरवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचते, धागा पहिल्यांदाच काढायले. लांबला तर सांभाळून घ्या.

मुलीचा दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले आहेत. किती ते मुद्दाम लिहीत नाही, आकडा सांगितला की पुढचं सगळं बोलणं त्या आकड्यावरच होतं. तिला डॉक्टर व्हायचंय. हे आम्ही तिच्या डोक्यात घातलेलं नाही. आमच्या सासूबाईंना शुगर आहे. पायाची जखम भरत नव्हती तेव्हा परभणीला सरकारी दवाखान्यात आमच्या चकरा व्हायच्या. पोरगी आठवीत होती, सोबत यायची. पट्टी बदलताना मी तोंड फिरवायची आणि ही जवळ जाऊन बघायची. तिथल्या सिस्टरबाईंनी एकदा चिकटपट्टीचं रीळ तिच्या हातात देऊन "धर गं" म्हटलं. पुढं घरी आजीची पट्टी तीच करायची. तेव्हापासून तिचं हेच चाललंय.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा म्हटलं की लातूर. गल्लीतल्या दोघी-तिघी आधीच जाऊन आल्या. रूम बघितली, क्लासला नाव घातलं. माझ्याही डोक्यात होतं की आपण रूम करून दोन वर्षं तिच्यासोबत राहावं. इकडं मालक, सासूबाई, सहावीतला मुलगा, दोन म्हशी. शेती म्हणजे सोयाबीन, तूर आणि विहिरीला पाणी असलं तर थोडा गहू. गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन किती हाती लागलं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

परवा रात्री जेवताना मालक म्हणाले, "तू फक्त अभ्यास कर. बाकीचं बघायला मी आहे. वेळ आली तर वरल्या वावरातला एक एकर काढू." अगदी मनापासून बोलले. पोरगी ताटावरून उठली नाही, पण भाकरीचा एकच तुकडा कितीतरी वेळ कालवणात कुस्करत बसली. रात्री झोपताना मला हळूच विचारते, "आई, आपल्याकडं एकर केवढ्याला जातो?"

तेव्हापासून माझी झोप उडाली. आम्ही तिच्या पाठीशी आहोत की पाठीवर बसलोत, हेच कळेना झालंय. मी लातूरला गेले तर "माझ्यामुळं आईचं घर मोडलं" हे ती रोज बघणार. नाही गेले तर सोळा वर्षाची पोर परगावात एकटी. ज्यांनी हे केलंय त्यांनी काय केलं तेवढं सांगा.

औसा_रोड

ताई, मी लातूरचीच. वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत, बारा महिने विद्यार्थी आणि त्यांच्या आया राहतात. त्यामुळं बघितलेलंच सांगते.

आई सोबत असली की जेवणाचं, तब्येतीचं बरं असतं, त्यात वादच नाही. मेसच्या डब्यानं पोटं बिघडतात, उन्हाळ्यात तर फारच. पण दुपारचं सांगू का? लेकरं क्लासला गेली की सगळ्या आया गच्चीवर जमतात. धुणं वाळू घालता घालता सुरू होतं, "तुमच्यावालीला फिजिक्समध्ये किती?" आपलं घरदार, शेजारपाजार, देवधर्म सगळं मागं ठेवून आलेली बाई. दिवसभर दुसरं काम नसलं की लेकराचा पेपर हेच तिचं काम होऊन बसतं. क्लासवाले टेस्टचे मार्क पालकाच्या मोबाईलवर टाकतात. लेकरू अजून रिक्षात असतंय आणि इथं आईला मार्क कळलेले असतात. ते दारात चप्पल काढायच्या आधी तोंडावर प्रश्न, "केमिस्ट्रीत काय झालं?"

वसमतकडच्या एक ताई होत्या. त्यांनी येतानाच शिलाई मशीन आणली होती. साड्यांना फॉल-पिको, ब्लाऊज, दुपारभर मशीन चालू. पोरगं आलं की म्हणायच्या, "थांब, एवढी बाही लावू दे, मग वाढते." मला तर ते घर बरं वाटायचं.

सडेतोड

रागावू नका, पण हे "दडपण नको, दडपण नको" फार झालंय. लातूर पॅटर्न म्हणून सगळा महाराष्ट्र ज्याचं नाव घेतो तो काय गोंजारून झाला का? जादा तास, सराव परीक्षा, एकेक पेपर तपासून पुन्हा लिहून घ्यायचा. शाहू आणि दयानंद कॉलेजच्या मास्तरांनी तेव्हा घाम गाळला आणि पोरांकडूनही गाळून घेतला. दुष्काळी भागातली पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या पोरांच्या वर बसली. परगावच्या खोलीत सोळा वर्षाचं पोर, हातात मोबाईल, विचारणारं कोणी नाही. काय होतं ते आम्ही नातेवाइकांत बघितलंय. आईनं जावं आणि मार्कही विचारावेत.

पांढरा_कोट

अंबाजोगाईला इंटर्नशिप करतोय. घर उदगीर तालुक्यात, लातूरला दोन वर्षं काढली. मार्क विचारावेत की नाही हे नंतर बघू. आधी पालकांनी या परीक्षेचं गणित नीट समजून घ्यावं. आमच्या घरी ते कुणालाच माहीत नव्हतं.

१८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. बरोबर आलं तर ४, चुकलं तर १ वजा. ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ४५-४५ फिजिक्स-केमिस्ट्रीचे. २०२५ ला देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं बसली आणि १२ लाखांहून जास्त "क्वालिफाय" झाली. एमबीबीएसच्या सगळ्या देशातल्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातही निम्म्याच्या आसपास खासगी. म्हणजे "पास झालास ना, मग नंबर का लागला नाही?" हा प्रश्नच चुकीचा. तो मला माझ्या चुलत्यांनी पहिल्या वर्षी चारचौघांत विचारला होता.

आपल्या बाजूच्याही गोष्टी सांगतो. पूर्वी ७०:३० होतं. मेडिकलच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळं आपल्याकडं जास्त मार्काचं पोर बाहेर आणि तिकडं कमी मार्काचं आत. ते २०२० मध्ये रद्द झालं. सरकारी कॉलेजंही वाढली. धाराशिव २०२२ ला, परभणी २०२३ ला, जालना आणि हिंगोली २०२४ ला सुरू झाली. संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर आधीपासून होतीच. आता आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ताई, तुमच्या लेकीचा नंबर परभणीलाच लागला तर ज्या गावात तिनं पट्टीचं रीळ धरलं तिथंच शिकेल.

आता सडेतोड दादांसाठी. माझा रूममेट घरी दर आठवड्याला ५४०, ५५० सांगायचा. पडायचे चारशेच्या आसपास. पहिल्यांदा खोटं बोलला कारण खरं सांगितल्यावर वडील दोन दिवस जेवले नव्हते. मग एक खोटं निभवायला दुसरं. वडिलांना वाटत होतं, आपण मार्क विचारतो म्हणून पोरगं रुळावर आहे. निकालाच्या दिवशी त्यांनी सकाळीच पेढ्यांची ऑर्डर दिली होती. तो पुढं बीफार्म झाला, आज व्यवस्थित आहे, पण वडिलांशी अजून मोजकंच बोलतो.

हिशोबी

नांदेडला बँकेत आहे, शैक्षणिक कर्जाच्या फायली रोज हाताखालून जातात. मला त्या "एकर काढू" वर बोलायचंय.

भाऊसाहेबांचं मन मोठं आहे, पण लेकराला न संपणारा आकडा सांगू नये. "काय लागेल ते करू" ऐकलं की लेकराला वाटतं, आता काय वाट्टेल ते झालं तरी मला मागं फिरता येत नाही. त्यापेक्षा बसून सांगा: बाळा, या दोन वर्षांसाठी आपण एवढे पैसे बाजूला काढलेत. क्लासची फी इतकी, भाडं इतकं, जेवण इतकं. जमिनीला हात लावायचा नाही हे आमचं ठरलंय. त्या रकमेत बसतं तेवढंच करायचं. पोरं हुशार असतात, आकडा कळला की निवांत होतात. पोरीनं एकराचा भाव विचारला, म्हणजे हिशोब तिनं डोक्यात सुरूच केलाय. तो अंदाजानं करण्यापेक्षा खरा करू द्या.

दुसरं, क्लासची दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका. सवलत देतो म्हणून सगळे मागं लागतात. हप्त्यानंच भरा, पावती घ्या. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. सोळा वर्षांखालच्या मुलाला किंवा दहावी व्हायच्या आधी प्रवेश द्यायचा नाही, मध्येच सोडलं तर उरलेल्या दिवसांची फी दहा दिवसांत परत करायची, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याला सुट्टी हवी. सगळे पाळतात असं नाही, पण आपल्याला माहीत असलं म्हणजे काउंटरवर उभं राहून विचारता तरी येतं. आणि एकरकमी भरलेली फी हेच पुढं हत्यार होतं. "दीड लाख भरलेत आता, सोडतीस कशी?" हे वाक्य माझ्या केबिनमध्ये, लेकरासमोर, मी अनेकदा ऐकलंय.

मुलींसाठी: २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झालेला पाहिजे, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) किंवा ओबीसी प्रवर्ग पाहिजे. ओबीसी, भटके-विमुक्त असाल तर राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो, दहावीनंतर लगेच अर्ज निघतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमी लेयर आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या वेळी तहसीलला ही रांग लागते.

शिट्टी_मास्तर

बीड जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. नीटमधलं मला कळत नाही, पण पोरांची स्वप्नं आणि त्यांचे बाप रोज बघतो.

आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहे. आई-वडील वीटभट्टीवर, हा सहा-सात किलोमीटर चालत-पळत शाळेत. भाषणात सगळे इथंच थांबतात आणि गरिबीचं गुणगान करून खाली बसतात. मला त्याच्या गोष्टीतलं पुढचं आवडतं. बारावी झाल्यावर तो सैन्यात गेला तो नोकरीसाठी. पळण्याच्या स्पर्धेत तो तिथं उतरला, आधी क्रॉसकंट्री, मग स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायची शर्यत. २०२२ ला राष्ट्रकुलमध्ये रौप्य, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, मग ऑलिंपिकची अंतिम फेरी. पंधराव्या वर्षी त्याला कुणी विचारलं असतं "तुझं स्वप्न काय?" तर स्टीपलचेस हा शब्द त्या घरात कुणाच्याच तोंडी आला नसता.

आमच्याकडं उलटं झालंय. दहावीच्या निकालापाशी पोराचं स्वप्न कायमचं लिहून घेतात. ताई, तुमची पोरगी आज डॉक्टर म्हणतेय, फार छान. पण बारावीत तिला वाटलं की आपल्याला दुसरं काही करायचंय, तर ते तुमच्यापाशी येऊन बोलायची सोय तिला आहे का? तेवढं बघा.

मैदानावरची गंमत सांगतो. खो-खोच्या सामन्याला पालक येतात. पोरगी बाद झाली की एक आई उभी राहून ओरडते, "अगं डावीकडं का वळलीस!" पोरगी पुढच्या डावात खांबाकडं बघायच्या ऐवजी आईकडं बघते. मी अशा आयांना पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवतो. बाटल्याही भरतात आणि पोरगीही खेळते.

सडेतोड

मास्तर, बाटल्यांचं पटलं. पण मैदानावर तुम्ही आहात ना शिट्टी घेऊन? लातूरच्या खोलीत कोण आहे? पालकांनी विचारायचं नाही, क्लासमध्ये पोरांचा हा भला मोठा जमाव, तिथं कुणी नावानं ओळखत नाही. मग लेकराकडं लक्ष कुणाचं? मी दडपण म्हणालो ते मार म्हणून नाही म्हणालो. कुणीतरी बघतंय एवढं तरी पाहिजे.

शिट्टी_मास्तर

हे मात्र खरं आहे तुमचं.

दुसऱ्यांदा

मी रिपीटर आहे. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं. आत्ता अभ्यासिकेत बसून लिहितेय, पटकन लिहिते.

माझ्या घरी कुणी एक शब्द बोलत नाही मार्कांवरून. आईबाबा खूप चांगले आहेत. पण माझ्यासाठी घरातला टीव्ही बंद आहे. ताईचा साखरपुडा "हिची परीक्षा होऊ दे" म्हणून पुढं ढकलला. बाबा फोनवर हळू आवाजात बोलतात. मावशी आली तर तिला बाहेरच्या खोलीत बसवतात आणि "ती अभ्यास करतेय" असं कुजबुजून सांगतात. मला सगळं ऐकू येतं. कधी कधी वाटतं, कुणीतरी ओरडावं एकदाचं.

काकू, घर चालू ठेवा. लग्नकार्याला जा, तिला वाटलं तर ती पण येईल. ताईच्या साखरपुड्यात नाचले असते तर माझा एक दिवस गेला असता, बाकी काही गेलं नसतं. आणि जमिनीबद्दल काकांना सांगा, प्लीज, तिच्यासमोर पुन्हा काढू नका म्हणावं.

पांढरा_कोट

दुसऱ्यांदा, हे तुझ्या बाबांना वाचायला दे. खरंच दे. आणि जेवण वेळेवर घे, अभ्यासिकेत चहा-बिस्किटावर दिवस काढायची सवय मलाही होती.

ऐकून_घेणारी

संभाजीनगरला समुपदेशन करते. वर दुसऱ्यांदानं जे लिहिलं ते माझ्याकडं येणारी बरीच मुलं त्याच सुरात सांगतात. पालक रागावतात म्हणून येणारी मुलं असतात, पण आईवडिलांच्या चांगुलपणाखाली दबून येणारीही तितकीच. रागावणाऱ्या बापावर निदान चिडता येतं. शांतपणे झिजणाऱ्या आईवर कसं चिडणार?

जिंतूरवाली ताई, जायचं की नाही याचं एक उत्तर नाही. पण लेकीला विचारताना "मी येऊ का?" असं विचारू नका. ती "नको" म्हणून तुम्हाला दुखवणार नाही आणि "ये" म्हणून स्वतःवर ओझंही घेणार नाही, गप्प बसेल. "पहिले दोन महिने तुला कशाची अडचण येईल असं वाटतंय?" असं विचारा. ती जेवण म्हणेल, रात्रीचं येणं-जाणं म्हणेल, अंगाला खाज सुटेल असं पाणी म्हणेल. त्यातल्या कुठल्या अडचणीला आई लागते आणि कुठलीला चांगली मेस, हे मग आपोआप दिसतं.

सडेतोडांचा मुद्दा मी सोडत नाही. लक्ष पाहिजेच, पण ते मार्कांवर ठेवून भागत नाही. मार्क महिना-दीड महिना उशिरा बोलतात. झोप किती होते, जेवण सुटलंय का, पूर्वी रोज फोन करणारी आता टाळते का, आवडीचं सगळं एकदम सोडून दिलंय का, "माझ्यामुळं तुम्हाला त्रास" असं वारंवार येतंय का, हे आधी दिसतं. असं दिसलं तर त्याच दिवशी गाडीत बसा. टेस्ट बुडाली तर बुडू द्या. टेली-मानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी आहे तशी पालकांसाठीही आहे. देशात २०२२ या एका वर्षात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा होता. घाबरवायला लिहीत नाही. हा नंबर फोनमध्ये असावा एवढ्यासाठी लिहिलं.

आणि दुसरी वाट आत्ताच बोलून ठेवा. निकालानंतर काढली की ती शिक्षा वाटते. नीटच्याच मार्कांवर पशुवैद्यकीयलाही जाता येतं, आपल्याकडं परभणी आणि उदगीरला कॉलेजं आहेत. आयुर्वेदाची सरकारी कॉलेजं धाराशिव आणि नांदेडला आहेत. तुमच्या लेकीला जखम बघून किळस येत नाही, हा गुण नर्सिंगमध्येही लाखमोलाचा आहे. "एमबीबीएस नाही तर मग काय, हे" अशा सुरात मात्र सांगू नका. मुलं सूर बरोबर पकडतात.

गोदाकाठ

गंगाखेडचा निवृत्त मुख्याध्यापक. सगळ्यांनी छान लिहिलंय, मी फक्त पाहुण्यांवर बोलतो.

आपल्याकडं पोरगं लातूरला गेलं ही बातमी पोराच्या आधी गावात पोचते. मग प्रत्येक लग्नात, दहाव्या-तेराव्याला सुद्धा, "किती पडायलेत टेस्टला?" निकालानंतर चौकात डिजिटल बॅनर लागतं, "हार्दिक अभिनंदन", त्यावर बारा पुढाऱ्यांचे फोटो आणि कोपऱ्यात लेकरू. ज्याचं लागत नाही ते लेकरू त्या चौकातून जायचं टाळतं. आमच्या एका विद्यार्थिनीनं महिनाभर मागच्या बोळानं येणं-जाणं केलं होतं.

त्यामुळं माझ्या मते आईबापाचं पहिलं काम म्हणजे दारात उभं राहून पाहुणे अडवणं. कुणी विचारलं तर सांगायचं, "चाललंय तिचं, मजेत आहे, तुमच्या सोयाबीनला काय भाव आला?" आपल्याकडं सोयाबीनचा भाव काढला की माणूस पाऊण तास दुसरं काही बोलत नाही. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. हा विषय पुरून उरतो.

मार्काचं स्टेटस ठेवू नका. चांगले पडले तरी.

औसा_रोड

सर, एकदम बरोबर. आमच्या गच्चीवर पण आता सोयाबीनच काढते 😄

जिंतूरवाली

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात बोलणं चालू होतं. जे ठरलं ते लिहिते.

हिशोबी भाऊंचं मालकांना वाचून दाखवलं. आधी थोडे तिरसटले. "मी काय तिला भीती घालायलो का?" म्हणाले. मग दुसऱ्यांदाचं वाचलं, साखरपुड्याचं. त्यावर काही बोलले नाहीत, उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. संध्याकाळी स्वतःच वही घेऊन बसले. पोरीला शेजारी बसवलं. क्लास, भाडं, गॅस, एसटी-रेल्वेचा खर्च, सगळं मांडलं. सोसायटीचं कर्ज किती आहे तेही सांगितलं, जे मलाही पूर्ण माहीत नव्हतं. खाली एक रेघ मारून म्हणाले, "हे आपलं. याच्या पुढं नाही. एकर जागच्या जागी." पोरीनं वही हातात घेतली आणि क्लासच्या फीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा दुसरा क्लास स्वस्त आहे, माझी मैत्रीण तिथंच जाणार आहे, मला चालतो." आम्हाला हे माहीतच नव्हतं. आमचं ऐकून ती महागड्याला तयार झाली होती.

मग ऐकून_घेणारी ताईंचा प्रश्न विचारला. जेवण म्हणेल वाटलं होतं, पण ती म्हणाली, "मला रात्री एकटीला झोप येत नाही, आजीजवळ झोपायची सवय आहे." तर ठरलं असं की दिवाळीपर्यंत मी जाते. त्यानंतर ती मैत्रिणीसोबत मुलींच्या हॉस्टेलला. मध्ये नाही जमलं तर पुन्हा बघू. इकडं धाकट्याचं नि सासूबाईंचं बघायला माझी जाऊ आहे, तिनं आपणहून सांगितलं. मी इथं बचत गटाच्या पापडाचं बघते, ते लातूरलाही करता येईल. औसा रोड ताई, तुमच्या गच्चीवर पापड वाळतील का?

पोरीनं पण दोन अटी घातल्या. एक, क्लासवाल्यांना बाबांचा नंबर द्यायचा, माझा नाही. म्हणजे मार्क आधी जिंतूरला जातील आणि मी रूमवर निवांत असेन. दोन, बाबांनी मेसेज आला तरी फोन करायचा नाही, तिला सांगावंसं वाटलं तर तीच करेल. सडेतोड दादांसाठी सांगते, महिन्याला एकदा तिघांनी बसून सगळं बघायचं हेही ठरलंय, आणि ते तिनंच सुचवलं. मालक म्हणाले, "मग मी फोनवर बोलायचं तरी काय?" ती म्हणाली, "म्हशीचं सांगा. विहिरीला पाणी किती आलं ते सांगा." मालक अजून विचारात आहेत.

डॉक्टर नाहीच झाली तर, हा विषय अजून निघाला नाही. पशुवैद्यकीयचं तेवढं मालकांनी सहज म्हणून काढलं, तर ती हसून म्हणाली, "म्हणजे आधी आपल्याच म्हशी." तेवढ्यावर सध्या सोडलंय.

सडेतोड

महिन्याची बैठक पोरीनंच सुचवली म्हणता? मग मला काही बोलायला उरलं नाही. शुभेच्छा.

पांढरा_कोट

ताई, अकरावीचा प्रवेश आता अख्ख्या राज्यात ऑनलाइन आहे, २०२५ पासून. पसंतीक्रम भरताना कॉलेज आणि क्लास यांतलं अंतर बघा. माझं रोज दोन टोकांना जायला-यायला होतं, त्यात तास जायचा. पुस्तकं विकत घेऊ नका, माझी आहेत, अंबाजोगाईहून लातूरला येणाऱ्या कुणाच्यातरी हाती पाठवतो. आतल्या खुणा पुसलेल्या नाहीत, चालत असतील तर.

दुसऱ्यांदा

काकू, बाबांना वाचायला दिलं. अजून काही बोलले नाहीत, पण काल टीव्ही लागला होता.

औसा_रोड

जिंतूरवाली ताई, पापड बिनधास्त वाळवा, फक्त कबुतरांवर लक्ष ठेवायला लागेल. मागच्या बाजूची खोली महिनाअखेर रिकामी व्हायली. उजेड आहे, बोअर आहे, नळाचं पाणी मात्र रोज येत नाही, त्यामुळं दोन ड्रम घेऊन या. डिपॉझिट एका महिन्याचं. लेकीला घेऊन या आणि खोली तिला पसंत पडली तरच घ्या. परभणीहून पनवेल गाडीनं आलात तर स्टेशनवरून रिक्षा मिळते, निघताना फोन करा, भाडं किती द्यायचं ते मी आधीच सांगून ठेवते.